शेवटच्या पानावरचा दोर

ग्रंथालयाच्या तळघराला एकच खिडकी होती, आणि तीही अर्धी. रस्ता तिच्या वरून जात असल्यामुळे तिच्यातून माणसं दिसत नसत, फक्त पाय दिसत. सगळं शहर गुडघ्यापासून खाली त्या काचेसमोरून ये-जा करी. दुपारी ऊन तिरपं झालं की पायांच्या सावल्या टेबलावर उतरत आणि उघड्या पुस्तकांवरून चालत जात.

टेबलाशी डिंकमावशी बसत. हे नाव वरच्या मजल्यावरच्या पोरांनी ठेवलेलं. वर तेरा ते वीस वयाच्या वाचकांची खोली होती. तिथलं फाटकं पुस्तक जिन्यानं खाली येई आणि आठवड्याभरात धड होऊन वर जाई. मध्ये काय घडतं हे पोरांना ठाऊक नव्हतं. डिंक लावत असतील, एवढाच अंदाज. मावशींना नाव चालत होतं, डिंक चालत नव्हता. "डिंक नव्हे, खळ," त्या दर वेळी सांगत. डिंक वाळला की पिवळा पडतो, तडकतो, जाताना पान घेऊन जातो. गव्हाच्या पिठाची खळ जरा ओलावा मिळाला की गुमान सोडून देते. नुसतं चिकटवायला काय, कुणीही चिकटवेल. पुढच्या माणसाला सोडवता येईल असं चिकटवावं. पोरं मान डोलावत आणि जाताना म्हणत, "येतो हं, डिंकमावशी."

हे काम त्यांना आधीच्या दुरुस्तीवाल्या काकांनी शिकवलं. काका बोलायला कंजूष होते. त्यांनी दोनच नियम सांगितले. भोक पडलं तर कागद भरायचा, पण त्यावर काही लिहायचं-काढायचं नाही. आणि जिथं आपला हात लागला तिथं पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक 'दु' लिहून तारीख घालायची. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, लेखक कुठं संपला आणि दुरुस्ती कुठं सुरू झाली. मावशींनी अठ्ठावीस वर्षांत हजारो 'दु' लिहिले. एक सोडून.

सगळ्यांत जखमी होऊन येत त्या चित्रकादंबऱ्या. पुस्तक हातात घेतलं की मावशींना वाचणारा दिसे. कणा एकाच बाजूला मोडला असेल तर वाचणारा पालथा पडून वाचतो. पानं लाटांसारखी झाली असतील तर न्हाणीघरात वाचतो. एखाद्या चौकटीतला चेहरा ब्लेडनं नीट कापून नेलेला असेल तर प्रेमात पडलाय, त्याला ओरडून उपयोग नाही. मावशी त्या भोकावर कांद्याच्या सालीइतका पातळ कागद लावत. चेहरा नसलेली ती चौकट मग तशीच वर जाई. पोरं तिथं आपल्या मनातला चेहरा बसवून पुढे वाचत.

त्यांत तीन भागांची एक चित्रकादंबरी होती. पोरं तिला दोरवाली म्हणत. निळा आणि मातकट असे दोनच रंग, आणि शब्द तर इतके थोडे की संवादाचे फुगे मोजून दाखवता येतील. त्यातल्या गावात घरं हलकी असतात. संध्याकाळचा वारा सुटला की ती जमीन सोडतात. गावात सोळा वर्षांची एक मुलगी आहे. रोज संध्याकाळी फिरून प्रत्येक घर खुंटाला बांधायचं, हे तिचं काम. कुठलं घर किती जड हे तिला हाताला कळतं. भांडणाचं घर जड. तान्हं मूल असलेलं सगळ्यांत हलकं. तिसऱ्या भागात दोर संपत येतात. अगदी शेवटी सगळं गाव बांधून होतं आणि तिचं स्वतःचं घर उरतं. ते तिच्या डोक्याच्याही वर उचललं गेलेलं आहे. उंबऱ्याला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक तिच्या हातात आहे आणि खुंट एकही शिल्लक नाही. ती वर बघते आहे.

बारा वर्षांपूर्वी हा तिसरा भाग तळघरात आला तेव्हा त्या चित्रासमोर पान नव्हतं. तिथं थेट पुठ्ठ्याची आतली बाजू होती.

मावशींनी पानं मोजली. बाकीच्या प्रत्येक जुडीत आठ पानं शिवलेली, शेवटच्या जुडीत सात. शिलाईजवळ फाटक्या पानाची बोटभर पट्टी अजून तग धरून होती. तिच्यावर वरपासून खालपर्यंत एक काळी उभी रेष. मावशींनी भिंग लावून रेषेची जाडी पाहिली. पुस्तकातल्या चौकटींची रेषही तेवढीच होती. म्हणजे पानभर एकच चौकट. पानभर एकच चित्र. गोष्टीचा शेवट कुणीतरी फाडून नेला होता.

त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. ते न उघडताच परत आलं. प्रकाशन बंद पडलेलं होतं. दुसरी प्रत कुठं मिळेना. पान गहाळ झालेलं पुस्तक रद्दीत काढायचं, असा ग्रंथालयाचा शिरस्ता. पण त्या भागासाठी सात पोरांनी नंबर लावलेला होता. मावशींनी त्या दिवशी पुस्तक जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

आता हे सांगायला हवं की मावशींचा हात साधा नव्हता. इथं येण्याआधी दहा वर्षं त्या नकाशांच्या कचेरीत होत्या. मोजणीदारांनी पेन्सिलीनं काढलेल्या रेषा शाईनं गिरवायच्या, एवढंच काम. नद्या, बांध, गावांच्या हद्दी. श्वास रोखून एका दमात नदी उतरवायची, मग श्वास सोडायचा. दहा वर्षांत त्यांच्या टाकातून एकही रेष स्वतःची निघाली नाही. निघाली असती तर ती चूक धरली गेली असती आणि ब्लेडनं खरवडावी लागली असती. पुढे यंत्रं आली, कचेरीतली टेबलं उचलली गेली, आणि टाक पेटीत घालून मावशी ग्रंथालयाच्या तळघरात आल्या.

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, ताई. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिला दुरून येणाऱ्या माणसाचा नंबर त्याच्या चालीवरून सांगता यायचा. मावशींनी टाकाची पेटी उघडली तेव्हा ताईनं भिंगाचा दिवा काही न बोलता टेबलावर आणून ठेवला. मग मात्र बोलली. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या स्वयंपाकात मीठ घालायला निघालीस, असं काहीसं. मावशी म्हणाल्या, फक्त बघते काय होतं ते.

चार रविवार गेले. मावशींना आधी वाटलं होतं, त्या चित्रकारानं काय काढलं असेल ते शोधायचं आणि गिरवायचं. पण गिरवायला खाली काही नव्हतंच. कागद कोरा होता. पहिले दोन रविवार त्या नुसत्या बसून राहिल्या. तिसऱ्या रविवारी दुपारी बाजूच्या खोलीत ताई घोरत होती, पडदा आत फुगत होता, आणि मावशींना वाटलं, आपल्याही पायांखालची फरशी किंचित वर उचलली जाते आहे. घाबरावं असं काही वाटलं नाही. त्यांनी टाक शाईत बुडवला.

मुलगी दोर धरून वर चढली आहे. घर खूप उंच गेलं आहे. ती उंबऱ्यावर बसली आहे, पाय बाहेर सोडून. चेहरा लहान, ओळखू येईल इतकाच. आणि दोर तिनं वर ओढून घेतलेला नाही. तो पानाच्या वरच्या टोकापासून थेट खालची चौकट ओलांडून समासापर्यंत लोंबतो आहे, आणि टोकाला एक गाठ आहे. खाली कुणी नाही.

चहाच्या पाण्यातून काढून कागद जुना केला, रेष रेषेला जुळवली, पान त्या बोटभर पट्टीवर खळीनं बसवलं. दाबाखालून पुस्तक निघालं तेव्हा जोड कुठला ते त्यांनाच शोधावं लागलं. मग त्यांनी पेन्सिल घेतली, खालच्या कोपऱ्यावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. 'दु' लिहिला तर पोरं ते पान वाचणार नाहीत, तपासतील. त्यांनी पेन्सिल ठेवून दिली.

पुस्तक वर गेलं. सातही पोरांनी नेलं. पुढे कधीतरी वरच्या खोलीत एक टूम निघाली, बॅगेच्या बंदाच्या टोकाला गाठ मारायची. खिडकीतून पायांबरोबर कधीकधी ते बंद लोंबताना दिसत. मावशी खळ ढवळता ढवळता गाठी मोजत.

त्यानंतरच्या वर्षी लांबडी आली. पंधरा वर्षांची, ताडमाड, बॅग पोटाशी धरून चालणारी. दोन वर्षांतली तिची ती तिसरी शाळा. वडिलांची बदली झाली की घर बदले, घर बदललं की शाळा, आणि प्रत्येक शाळेत मधल्या सुट्टीत कुठं उभं राहायचं हा प्रश्न नव्यानं सुरू. ती एक दिवस पुस्तक घेऊन स्वतः जिना उतरून खाली आली. दोरवालीचा तिसरा भाग.

"हे शेवटचं पान सुटायला आलंय," ती म्हणाली. "बाकीची गेली तर गेली. हे जाता कामा नये."

मावशींनी ते पान पुन्हा बसवलं. लांबडी शेजारी उभी राहून बघत होती. मग रोज येऊ लागली. तिला कामं दिली की ती बोलायची, म्हणून मावशी तिला कामं देत. एकदा दोरे कापता कापता तिनं सांगितलं, शाळेत तिच्याशी कुणी बोलत नाही. तिचं काही म्हणणंही नाही. पण ती दोराची गाठ आहे ना, ती बरोबर हाताला येईल एवढ्या उंचीवर आहे. कुणीतरी मागून येणार आहे हे त्या मुलीला माहीत आहे. म्हणून तिनं दोर वर घेतला नाही. मावशींनी त्या दिवशी खळ इतकी ढवळली की ती भाताच्या पेजेसारखी पातळ झाली आणि टाकून द्यावी लागली.

तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

लांबडी कॉलेजला गेली, साहित्य घेतलं. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी हातात कागदांचा गठ्ठा घेऊन तळघरात आली. प्रबंध लिहिला होता. एकशे दहा पानं, त्यातली चाळीस एकाच पानावर. 'चौकटीबाहेर जाणारा दोर' असं त्या प्रकरणाचं नाव. मावशींनीच बांधून द्यावा, असा तिचा हट्ट. मावशींनी शिवता शिवता तो वाचला. चित्रकारानं दोराच्या टोकाला गाठ ठेवून वाचकाला कथेत कसं ओढून घेतलं आहे, दोराभोवतीच्या कोऱ्या जागेत किती धैर्य आहे, असं त्यात तळटिपांसकट लिहिलेलं होतं. मावशींनी सगळ्यांत चांगलं निळं कापड काढलं, कण्यावर सोनेरी अक्षरं दाबली. लांबडीनं त्यांना मिठी मारली. त्याही वेळी सांगता आलं असतं.

दोन वर्षांपूर्वी ती परत आली ती वरच्या खोलीची ग्रंथपाल होऊन. पोरांचा शनिवारचा वाचनगट तिनंच सुरू केला. सकाळी कामावर येताना तिचे पिवळ्या नाड्यांचे बूट आधी खिडकीत दिसत, मग जिन्यावर ऐकू येत.

तर अशा या लांबडीनं एका सोमवारी धावत येऊन बातमी दिली. दोरवाली पुन्हा छापली गेली होती. नव्या प्रकाशकानं तिन्ही भाग एकत्र काढले होते, मोठ्या आकारात, मूळ चित्रांवरून. गुरुवारी प्रत येणार. शनिवारी गटात सगळ्यांनी मिळून शेवटचं पान उघडायचं. आपली प्रत किती मळली आहे, त्या निळ्याखाली काय काय दडलं असेल, ती बोलतच होती. नवी पुस्तकं कव्हर घालायला आधी मावशींच्या टेबलावर येत. म्हणून तिनं बजावलं, कव्हर घाला, पण शेवट तुम्हीही बघायचा नाही. वचन द्या. मावशींनी दिलं.

गुरुवारी खोकं आलं. मावशींनी ते उघडलंसुद्धा नाही. त्यांच्या खणात छापील चिठ्ठ्या असत, 'बांधणी सदोष, परत'. त्यांतली एक काढून त्यांनी भरली, सही केली, खोक्यावर ठेवली. असं पुस्तक महिना-दीड महिना फिरतं. मग त्या बसून राहिल्या. खिडकीतून पाय जात होते. कुणाचा तरी एक पाय दुसऱ्यापेक्षा हळू होता. बराच वेळ मावशी त्याच पायांची वाट बघत राहिल्या, ते परत आले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ताई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"चिठ्ठीनं काय होईल?"

"वेळ मिळेल."

"बारा वर्षं मिळालाच की. त्याचं काय लोणचं घातलंस?"

मावशी भाजीची देठं गोळा करू लागल्या.

"तिला कळणार आहे," ताई म्हणाली. "तुझ्याकडून कळलं तर तुझ्यावर चिडेल. पुस्तकाकडून कळलं तर स्वतःवर चिडेल. कुणावर चिडू द्यायचं ते तू ठरव."

एवढं बोलून तिनं निवडलेली भाजी उचलली आणि चष्मा कपाळावर असतानाच घरभर चष्मा शोधू लागली.

शुक्रवारी मावशींनी चिठ्ठी फाडली आणि दुपारच्या सुट्टीत लांबडीला खाली बोलावलं. ती हातात अर्धं सफरचंद घेऊन आली.

"बस."

"फाटकं आलं का?"

"नाही. मी अजून उघडलेलं नाही." मावशींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आपल्या जुन्या प्रतीतलं शेवटचं पान, त्यावरचं चित्र माझं आहे. पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा ते पान फाटलेलं होतं. मूळ चित्र मी कधी पाहिलं नाही."

लांबडी हसली. डिंकमावशी विनोद क्वचित करत, आणि केले की तोंड असंच सरळ ठेवून करत. मग मावशींनी खालचा खण ओढला आणि एक पिवळट लिफाफा पुढे केला. त्यात सरावाचे कागद होते. अकरा कागद, अकरा दोर. कुठं फार सरळ, कुठं फार वाकडा. एका कागदावर मुलीचे नुसते पाय, सात वेळा.

लांबडीचं हसू जागच्या जागी राहून गेलं. तिनं एकेक कागद पाहिला. सफरचंद टेबलावर ठेवलं.

"चाळीस पानं लिहिली मी यावर."

"माहीत आहे. मीच शिवली."

"तेव्हा सांगायचं होतं."

"हो."

"त्याच्याही आधी सांगायचं होतं."

"हो," मावशी म्हणाल्या.

"मग खरं कुठलं?"

मावशींनी खोकं तिच्याकडे सरकवलं. वचन दिलं होतं, पण आता ते तिच्याच हाती होतं. लांबडीनं चिकटपट्टी कापली. पुस्तक मोठं होतं, नव्या शाईचा वास येत होता. निळा इतका गहिरा की दोघी क्षणभर कशासाठी उघडलं तेच विसरल्या. ती पानं उलटत गेली. गाव बांधून झालं. मुलगी उभी राहिली, हातात दोर, डोक्यावर घर. वर बघणारा तिचा चेहरा.

समोरचं पान कोरं होतं.

लांबडीनं ते उलटलं. मागं नव्या प्रकाशकाची छोटी टीप होती. या कादंबरीचा शेवट इथंच आहे, असं तीत लिहिलं होतं. पहिल्या आवृत्तीत या चित्रासमोर एक पानभर कूपन छापलेलं होतं. ते कापून पाठवणाऱ्या वाचकाला हवेतल्या गावाचा मोठा नकाशा घरपोच मिळे, आणि त्यामुळे पूर्ण प्रती आता दुर्मिळ आहेत. टिपेखाली त्या कूपनाचं चित्र होतं. नाव, पत्ता, वय. चारी बाजूंनी काळी चौकट.

मावशींनी भिंग घेतलं. डावीकडची उभी रेष पाहिली. रेष तीच होती.

कुणी गोष्टीचा शेवट फाडलाच नव्हता. कुणा पोराला नकाशा हवा होता. पुस्तक पुरं होतं आणि त्या पुऱ्या पुस्तकाला मावशींनी चार रविवार खपून शेवट लावला होता. पानं मोजणाऱ्यालाच होईल अशी ती चूक होती. दुसऱ्या कुणी एक पान कमी आहे हे पाहिलंही नसतं.

लांबडी उठली. जिन्यावर तिची पावलं वर गेली. थोड्या वेळानं खिडकीत पिवळ्या नाड्या दिसल्या, डावीकडून उजवीकडे, आणि गेल्या.

मावशी बसून राहिल्या. टेबलावर सफरचंद काळं पडत गेलं. ऊन तिरपं झालं, सावल्या उतरल्या आणि उघड्या पुस्तकातल्या कोऱ्या पानावरून चालू लागल्या. कुणाचे तरी लांब पाय, कुणाची काठी, चाकांची एक लहानशी गाडी. सगळे त्या पानाच्या एका कडेनं शिरत आणि दुसऱ्या कडेनं बाहेर पडत. थांबत कुणी नव्हतं. मावशींना वाटलं, हे तळघर म्हणजेच त्या गावातलं एक घर आहे, पण इतकं जड झालेलं की त्याला बांधायची कधी गरज पडली नाही. आता कुणीतरी त्यातून एक मोठी वस्तू बाहेर काढून ठेवली होती. भिंती किंचित हलल्यासारख्या वाटल्या. त्यांनी टेबलाची कड धरली.

तासाभरानं पिवळ्या नाड्या आल्या, उजवीकडून डावीकडे.

लांबडी खाली आली तेव्हा तिच्या हातात जुना तिसरा भाग होता. तिनं तो शेवटच्या पानाशी उघडला, मावशींसमोर ठेवला आणि उभीच राहिली.

"एक विचारते. खरं सांगा."

"विचार."

"ही गाठ का मारलीत?"

मावशींनी गाठीकडे पाहिलं. हीच संधी होती. एक बरंसं वाक्य पुरलं असतं. मागून येणाऱ्यासाठी, असं म्हटलं असतं तर प्रबंधही वाचला असता आणि त्याही.

"शाई गळली," मावशी म्हणाल्या. "दोर खालपर्यंत आणला. एका दमात आणायचा असतो. टाक उचलायला उशीर झाला आणि थेंब पडला. चार रविवारांचं काम होतं. खरवडला असता तर कागद गेला असता. मग थेंबाची गाठ केली."

लांबडी गाठीकडे बघत राहिली. मग खाली स्टुलावर बसली. तिचे खांदे हलू लागले. रडते आहे की काय म्हणून मावशी अर्ध्या उठल्या, पण ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती.

"माझं अख्खं तिसरं प्रकरण या थेंबावर उभं आहे," ती म्हणाली.

"बांधणी पक्की आहे. उसवायचं म्हटलंस तरी उसवणार नाही."

त्यावर ती पुन्हा हसली. मग हसणं ओसरलं. तिनं बोट त्या गाठीवर ठेवलं. नेमकी बोटाच्या पेराएवढी गाठ होती.

"वर्षभर धरून होते मी हा थेंब," ती म्हणाली. "शाळेत जाताना. रोज."

मावशींनी मान हलवली. खिडकीतून कुणी गेलं, दोघींच्या हातांवरून सावली गेली.

शनिवारी पोरांना काय सांगायचं, हे मग लांबडीनंच ठरवलं. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवायची. आधी नवं, मग जुनं. आणि मावशींनी वर यायचं. मावशी म्हणाल्या, अठ्ठावीस वर्षांत मी गटात कधी बसले नाही. ती म्हणाली, बसायचं नाही, उभं राहायचं. पोरं प्रश्न विचारतील.

"पण आधी खूण करा," ती म्हणाली. "तुमचा नियम आहे ना?"

मावशींनी पेन्सिल घेतली. बारा वर्षांपूर्वी जिथं टेकवली होती त्याच कोपऱ्यावर टेकवली, आणि हात थांबला. 'दु' म्हणजे दुरुस्ती. इथं दुरुस्त काय केलं होतं? मोडलेलं काही नव्हतंच. काकांनी यासाठी खूण सांगितली नव्हती.

"काय झालं?"

"यात दुरुस्ती नाही," मावशी म्हणाल्या. "काय लिहू?"

लांबडीनं कोपऱ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. मग ती म्हणाली, "चित्राखाली चित्रकार काय लिहितो? नाव. तेच लिहा."

"ग्रंथालयाच्या पुस्तकात?"

"आणि शाईनं."

"शाईनं लिहायला सक्त मनाई आहे. तूच दंड करतेस पोरांना."

"चित्र काय हळदीनं काढलं होतंत?"

मावशींची टाकाची पेटी घरी होती. लांबडीनं आपलं पेन दिलं. मावशींनी झाकण काढलं, निब उजेडात धरून पाहिली, हात पुसले. खिडकीतले पाय जाऊ दिले. मग नदी उतरवताना घेत तसा श्वास घेतला, रोखला, आणि दोराच्या टोकाशी, गाठीच्या जरा खाली, आपलं पूर्ण नाव लिहिलं. बारीक, नकाशावर लहान गावांची नावं लिहितात तशा अक्षरांत. तारीख बारा वर्षांपूर्वीची घातली. पेन वेळेवर उचललं. थेंब पडला नाही.

लांबडीनं पुस्तक जवळ ओढून ते नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं.

"इतकी वर्षं मी तुम्हाला नुसतं डिंकमावशीच म्हणत आले," ती म्हणाली.

मावशी शाई वाळायची वाट बघत पानावर हळूच फुंकर घालत होत्या.

"डिंक नव्हे," त्या म्हणाल्या. "खळ."